ट्रिपल ऑप्शन आणि नवखा क्वार्टरबॅक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अटलांटात जॉर्जिया टेकला शिकायला येणाऱ्या मराठी मुलांची संख्या कमी नाही. बॉबी डॉड स्टेडियम कॅम्पसमध्येच असल्यामुळे फुटबॉल टाळू म्हटलं तरी टळत नाही. पॉल जॉन्सन इथे प्रशिक्षक होते (२००८ ते २०१८), त्या काळातल्या सामन्यांच्या क्लिपा अजून फिरत असतात, आणि त्या पाहिल्या की नवीन माणूस हमखास विचारतो, "हे लोक बॉल फेकत का नाहीत?" मुलं विचारतात, त्यांना भेटायला आलेले आईवडीलही विचारतात. त्या सगळ्यांसाठी हे पान, जॉन्सनच्या ट्रिपल ऑप्शन या पळण्यावर भर देणाऱ्या पद्धतीबद्दल.

मला अमेरिकन फुटबॉलच येत नाही. किती शिकावं लागेल?

फार नाही. चार प्रयत्नांत (त्यांना डाउन म्हणतात) १० यार्ड पुढे जायचं. गेलात तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही तर बॉल समोरच्या संघाकडे. बॉल पुढे नेण्याचे मार्ग दोन: हातात घेऊन पळायचं किंवा पुढे फेकायचा. प्रत्येक चालीच्या सुरुवातीला बॉल ज्याच्या हातात येतो तो क्वार्टरबॅक. यार्ड म्हणजे मीटरपेक्षा जरासा कमी. बॉल समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेला की टचडाउन, त्याचे सहा गुण, वर एक किंवा दोन जास्तीचे. बाकीचे नियम बघता बघता कळतात.

मग टेकच्या खेळात जगावेगळं काय होतं?

आजचा फुटबॉल फेकण्याचा खेळ झाला आहे. क्वार्टरबॅक मागे उभा राहणार, मैदानभर नजर फिरवणार आणि बॉल सोडणार. जॉन्सनचा संघ जवळजवळ प्रत्येक चालीत पळायचा. टोकाचं उदाहरण २५ ऑक्टोबर २०१८ चं. व्हर्जिनिया टेकच्या मैदानावर त्यांनी अख्ख्या सामन्यात एकच पास टाकला आणि तोही पुरा झाला नाही, म्हणजे झेलला गेला नाही. पळून मात्र ४६५ यार्ड काढले आणि सामना ४९-२८ असा जिंकला. नेहमीचा क्वार्टरबॅक जायबंदी होता. टोबायस ऑलिव्हर नावाच्या नव्या पोराने ४० वेळा बॉल घेऊन धाव घेतली आणि २१५ यार्ड केले.

ही चाल प्रत्यक्षात चालते कशी?

हे उत्तर लांब आहे, पण एवढं समजलं की बाकी सगळं समजलं.

आधी कोण कुठे उभा असतो ते बघा. पुढे पाच लाइनमन, एकमेकांत नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवून. मधल्याच्या, म्हणजे सेंटरच्या, पाठीला चिकटून क्वार्टरबॅक. त्याच्या मागे साधारण पाच यार्डांवर बी-बॅक, हा अंगाने दणकट. लाइनच्या दोन्ही टोकांना, किंचित मागे, एकेक ए-बॅक, हे चपळ. आणि दोन रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, पार कडेला. या रचनेला फ्लेक्सबोन म्हणतात.

स्नॅपच्या, म्हणजे सेंटरने बॉल मागे देण्याच्या, क्षणभर आधी एका बाजूचा ए-बॅक आतल्या दिशेने पळू लागतो. बॉल हातात येताच क्वार्टरबॅक वळतो आणि धावत येणाऱ्या बी-बॅकच्या पोटाशी बॉल धरतो, पण सोडत नाही. निमिषभर बॉलवर दोघांचेही हात असतात. क्वार्टरबॅकची नजर बॉलवर नसतेच. ती असते समोरच्या एका ठरावीक बचावपटूवर, ज्याला मुद्दामच कुणी अडवलेलं नाही. तो बी-बॅकवर झेपावला तर क्वार्टरबॅक बॉल काढून घेतो. तो थबकला किंवा बाहेर सरकला तर बॉल बी-बॅककडे राहू देतो आणि बी-बॅक मधून घुसतो. हा पहिला पर्याय.

बॉल काढून घेतला असेल तर क्वार्टरबॅक लाइनच्या कडेने बाहेर धावतो. तिथे आणखी एक बचावपटू असतो, तोही मुद्दाम मोकळा ठेवलेला. तो क्वार्टरबॅकच्या अंगावर आला तर बॉल कडेने पळणाऱ्या ए-बॅककडे हलकेच उडवायचा; याला पिच म्हणतात. तो ए-बॅकला धरून राहिला तर क्वार्टरबॅकने स्वतःच आत वळून पळायचं. हे दुसरा आणि तिसरा पर्याय. सगळा कारभार दोन-अडीच सेकंदांत आटोपतो.

दोन बचावपटूंना मोकळं सोडणं हा वेडेपणा नाही का?

उलट सगळी मेख तिथेच आहे. दोघांना अडवायला माणूस लागत नाही, म्हणजे टेकचे दोन खेळाडू मोकळे होतात. ते पुढे जाऊन मागच्या फळीतल्या लाइनबॅकरना आणि सेफ्टीला गाठतात. मोकळा सोडलेला माणूस कितीही तगडा असो, तो जे करेल त्याच्या उलट करायचं असल्यामुळे त्याचा निर्णय दर वेळी चुकीचाच ठरतो. म्हणून ज्या संघांना समोरच्यांइतके धिप्पाड लाइनमन मिळत नाहीत त्यांना ही पद्धत परवडते. अमेरिकन लष्कर, नौदल आणि हवाई दलाच्या अकादमींचे संघ वर्षानुवर्षं हीच का खेळत आले, त्याचं कारणही हेच.

बॉल कुणाकडे जाणार हे आधी ठरलेलं नसतंच?

ट्रिपल ऑप्शनच्या चालीत नाही. बॅट्समनने बॉल हातातून सुटण्याआधीच फटका ठरवून टाकला तर काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. तेच इथे. जो क्वार्टरबॅक मनात "आता मी पळणार" असं ठरवून येतो तो दोन यार्डांत आडवा होतो. ठरलेल्या चालीही असतात, उदाहरणार्थ ए-बॅककडे थेट लांब पिच, पण त्या मधून मधून, समोरच्याला बेसावध पकडायला.

"नवखा क्वार्टरबॅक" हा विषय दर हंगामात का निघायचा?

कारण टेकमध्ये तो खरोखरच दर दोन-तीन वर्षांनी उभा राहायचा. २००८ मध्ये जॉश नेसबिट. आधीच्या वर्षी तो राखीव होता आणि त्याला बहुतेक पळण्यापुरतंच मैदानात आणत. २०१४ मध्ये जस्टिन थॉमस. आदल्या वर्षीचा क्वार्टरबॅक वॅड ली दुसऱ्या विद्यापीठात गेला आणि सगळा भार या लहानखुऱ्या मुलावर आला. त्याला अलाबामाने बचावपटू म्हणून घ्यायचं ठरवलं होतं. २०१७ मध्ये टाक्वॉन मार्शल, जो टेकमध्ये आधी ए-बॅक म्हणून खेळत होता.

दर वेळी वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर एकच काळजी: याला पास टाकता येतो का? माझ्या मते प्रश्नच चुकीचा होता. या पद्धतीत क्वार्टरबॅकची परीक्षा हाताची कमी आणि डोळ्यांची जास्त. समोरचा कुणाच्या अंगावर चाललाय हे त्याला अर्ध्या सेकंदात कळतं का, आणि बी-बॅकच्या पोटाशी धरलेला बॉल सोडायचा की ओढायचा या घालमेलीत तो खाली पडत नाही ना, हे बघायचं. हे सरावात पुरतं दिसत नाही. सरावात क्वार्टरबॅकला कुणी खरोखर आपटत नाही. म्हणून पहिल्या सामन्यापर्यंत कुणालाच काही सांगता यायचं नाही, प्रशिक्षकालासुद्धा.

मार्शलच्या पहिल्या सामन्यात काय झालं?

४ सप्टेंबर २०१७, सोमवार, लेबर डे. अटलांटाचं मर्सिडीझ-बेंझ स्टेडियम तेव्हा नवं कोरं होतं आणि समोर टेनेसी. ज्याच्याकडे अनुभव होता तो मॅथ्यू जॉर्डन पायाच्या दुखापतीतून सावरत होता. मार्शलने क्वार्टरबॅक म्हणून सुरुवात करण्याची ही पहिलीच वेळ.

त्याने ४४ वेळा बॉल घेऊन धाव घेतली. चव्वेचाळीस! एखाद्या कसलेल्या रनिंग बॅकलाही एका सामन्यात एवढा मार सोसत नाही. २४९ यार्ड आणि पाच टचडाउन. संघाने पळून ५३५ यार्ड केले आणि ४१ मिनिटांहून जास्त वेळ बॉल स्वतःकडे ठेवला. सामना ६० मिनिटांचा असतो हे लक्षात घ्या.

आणि टेक हरलं. चौथ्या क्वार्टरमध्ये २८-१४ अशी आघाडी होती. मग एका ए-बॅकच्या हातून बॉल निसटला आणि टेनेसीने बरोबरी केली. शेवटच्या क्षणी टेकची फील्ड गोल किक अडवली गेली. दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये मार्शलने टचडाउन करून ४२-४१ केलं. एक गुण घेऊन बरोबरी साधता आली असती, पण जॉन्सनने दोन गुणांसाठी जायचं ठरवलं. बॉल मार्शलकडेच राहिला, तो आत वळला आणि गोलरेषेच्या अलीकडे दाबला गेला. त्या निर्णयावर लोक अजून वाद घालतात. मला तो पटतो. बचावफळी दमलेली होती, आणि दोन-तीन यार्ड हवे असताना यापेक्षा चांगली पद्धत दुसरी कुठली?

त्या हंगामात मार्शल हजार यार्डांच्या पुढे पळाला, पण त्याच्या शंभर पासांपैकी चाळीसही पुरे झाले नाहीत. टेकने पाच जिंकले, सहा हरले. नवखेपणाची किंमत त्या पहिल्या रात्री नव्हे, पुढे वसूल झाली. पळणं जमत नसलेल्या दिवशी दुसरा रस्ता उरत नसे.

पास येणारच नाही हे माहीत असेल तर बचावफळी सगळी माणसं पुढे आणेल की!

आणतातच. मग एकदम डोक्यावरून लांब पास जातो. २००९ मध्ये डिमेरियस थॉमस या रिसीव्हरने सबंध हंगामात फक्त ४६ झेल घेतले, पण यार्ड १,१५४. म्हणजे एका झेलामागे सरासरी २५ यार्ड, जे भल्याभल्यांना जमत नाही. समोर एकटा बचावपटू उरलेला, तोही पळणाऱ्यांकडे बघत बसलेला. पुढच्या वर्षी डेन्व्हरने थॉमसला एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या निवडीत, पहिल्याच फेरीत उचललं. पास कमी म्हणून रिसीव्हर वाया जातो, असं म्हणणाऱ्यांना तेव्हापासून हेच नाव ऐकवलं जाई. अर्थात अशी नावं मोजकीच, हेही खरं.

ही पद्धत जुनाट आहे, असं म्हणतात.

जुनी आहे, यात वाद नाही. बॉल ठेवायचा की द्यायचा हे बचावपटू पाहून ठरवण्याची कल्पना मिसूरीच्या डॉन फॉरोट यांनी १९४१ च्या सुमारास रुजवली. १९६८ मध्ये टेक्सासने विशबोन रचना आणली आणि ओळीने ३० सामने जिंकले. फ्लेक्सबोन हे त्या विशबोनचंच पसरट रूप. जॉन्सन ही पद्धत घेऊन जॉर्जिया सदर्नला गेले, तिथे मुख्य प्रशिक्षक म्हणून १९९९ आणि २००० अशी दोन राष्ट्रीय विजेतेपदं घेतली. मग नौदल अकादमी. पहिल्या वर्षी १२ पैकी दोन विजय. २००७ मध्ये मात्र त्याच नेव्हीने नोत्र दामला तिसऱ्या ओव्हरटाइममध्ये ४६-४४ असं हरवलं. त्याआधी ४३ वर्षं नेव्ही त्यांच्याकडून सलग हरत आली होती.

पण आज जे संघ शॉटगनमधून (क्वार्टरबॅक सेंटरपासून काही यार्ड मागे उभा) खेळतात आणि ज्यांना सगळे आधुनिक म्हणतात, त्यांचाही क्वार्टरबॅक बॉल पोटाशी धरून कडेचा एक बचावपटूच वाचत असतो. कपडे बदलले, माणूस तोच.

जाता जाता: याच टेकने १९१६ मध्ये कंबरलँड कॉलेजला २२२-० असं हरवलं होतं. आकडा बरोबर छापला आहे. प्रशिक्षक होते जॉन हाइजमन, ज्यांच्या नावाने आज सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची ट्रॉफी देतात. फॉरवर्ड पास नियमात यावा म्हणून झगडणाऱ्यांत ते पुढे होते, आणि त्या सामन्यात त्यांच्या संघाने एकही पास टाकला नाही.

संघ मागे पडला तर? पळून पळून किती भरून काढणार?

सगळ्यात रास्त शंका ही. या पद्धतीत घड्याळ पळतं आणि संधी कमी मिळतात, म्हणून दोन-तीन टचडाउनांनी मागे पडणं जड जातं. तरी २९ नोव्हेंबर २००८ बघा. ॲथेन्समध्ये जॉर्जिया विद्यापीठाविरुद्ध टेक अर्ध्यावर १२-२८ ने मागे. टेक त्यांच्याकडून सलग सात वर्षं हरलेलं. समोर मॅथ्यू स्टॅफर्ड, जो पुढच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच बी-बॅक जोनाथन ड्वायर मधून घुसला आणि ६० यार्ड पळत सुटला. त्या एका क्वार्टरमध्ये टेकने २६ गुण केले. रॉडी जोन्स या ए-बॅकने सामन्यात दोनशेच्या वर यार्ड काढले. नेसबिटचे पास? सहा टाकले, एक पुरा झाला. निकाल ४५-४२.

आणि उलट बाजू महिन्याभरातच दिसली. ३१ डिसेंबरला चिक-फिल-ए बोल या हंगामानंतरच्या सामन्यात एलएसयूने (लुईझियाना स्टेट विद्यापीठ) ३८-३ असा धुव्वा उडवला. त्यांना तयारीला जवळजवळ महिना मिळाला होता. एरवी समोरच्या संघाला ही विचित्र पद्धत समजून घ्यायला चार-पाच दिवस मिळतात, आणि टेकची निम्मी ताकद त्यातच होती. जॉन्सनचे टेकमधले पहिले चारही बोल सामने गेले, हा योगायोग नव्हे.

खेळाडू समोरच्याच्या गुडघ्यात का घुसतात?

त्याला कट ब्लॉक म्हणतात. आपल्यापेक्षा वजनदार माणसाला पाडायचा तो सोपा मार्ग. नियमात बसत होता, पण समोरच्यांना तो अजिबात आवडायचा नाही. गुडघ्याचं कायमचं नुकसान होऊ शकतं, हा त्यांचा मुद्दा मला मान्य आहे. हळूहळू नियम आवळत गेले आणि २०२२ पासून कंबरेखालचा ब्लॉक लाइनच्या जवळच्या ठरावीक पट्ट्यापुरताच उरला. कडेला ए-बॅकसाठी वाट करून देणारे ब्लॉक त्यामुळे अवघड झाले.

एनएफएलमध्ये का नाही?

तिथे क्वार्टरबॅकवर कोट्यवधी डॉलर लावलेले असतात. त्याला सामन्यात २० वेळा आपटू द्यायला मालक तयार नाहीत. शिवाय तिथले बचावपटू सगळे वेगवान, कडेला मोकळी जागा मिळत नाही.

मग या क्वार्टरबॅकचं पुढे काय होतं?

क्वार्टरबॅक म्हणून, फार काही नाही. नेव्हीच्या कीनन रेनॉल्ड्सने कारकिर्दीत पळून ८८ टचडाउन केले आणि बाल्टिमोरने २०१६ मध्ये त्याला रिसीव्हर म्हणून निवडलं. नेव्हीचाच मॅल्कम पेरी २०१९ मध्ये दोन हजार यार्डांच्या पुढे पळाला. मायामीने त्यालाही रिसीव्हर म्हणूनच घेतलं. १७-१८ वर्षांच्या मुलाला हे सगळं दिसत असतं. एनएफएलची स्वप्नं बघणारा पोरगा इथे यायला का कू करतो, आणि म्हणून प्रशिक्षकाला दर वेळी कुणीतरी दुसऱ्या जागेवरचा, दुसऱ्यांनी न हेरलेला मुलगा घडवावा लागतो. नवखा क्वार्टरबॅक हा अपघात नव्हता. ही पद्धत निवडली की तो सोबत येतोच.

टेकने ही पद्धत सोडली का? चालत नव्हती म्हणून?

नाही. २०१४ मध्ये जस्टिन थॉमसच्या संघाने ११ सामने जिंकले आणि ऑरेंज बोलमध्ये मिसिसिपी स्टेटला ४९-३४ असं हरवलं. पण २०१५ मध्ये तीन विजय, नऊ पराभव झाले, नंतर कधी वर कधी खाली, आणि लोक कंटाळले. "बघायला मजा येत नाही" हे मी स्टेडियमबाहेर टेलगेटच्या (सामन्याआधीच्या खाण्यापिण्याच्या) मंडपात कितीदा ऐकलंय. भरतीचाही प्रश्न होताच. २०१८ नंतर जॉन्सन बाजूला झाले आणि जेफ कॉलिन्स आले, आजच्या पद्धतीचा ऑफेन्स घेऊन. पळण्यासाठी निवडलेल्या मुलांना अचानक पास ब्लॉकिंग, म्हणजे पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकचं रक्षण, करायला लावलं. तीन हंगामांत दर वर्षी तीन-तीनच विजय, आणि २०२२ मध्ये हंगामाच्या मध्यातच त्यांना काढलं.

यातला बोचरा भाग असा, की सप्टेंबर २०१९ मध्ये द सिटाडेल या छोट्या लष्करी कॉलेजने अटलांटात येऊन टेकला ओव्हरटाइममध्ये २७-२४ असं हरवलं. सिटाडेल काय खेळत होतं? ट्रिपल ऑप्शन.

आज हे कुठे बघायला मिळेल? आणि भारतातून किती वाजता?

आर्मी बघा. २०२४ मध्ये त्यांनी १२ सामने जिंकले, अमेरिकन ॲथलेटिक कॉन्फरन्स या त्यांच्या गटाचं विजेतेपद घेतलं आणि क्वार्टरबॅक ब्रायसन डेलीने पळून ३२ टचडाउन केले. एअर फोर्स आणि नेव्हीही आहेत, जरी तिघांनीही मूळ पद्धतीत आपापल्या परीने फेरफार केलेत.

कॉलेजचे सामने बहुतेक शनिवारी. इथल्या दुपारी १२ चा सामना भारतात रात्री साडेनऊला सुरू होतो, आणि नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की साडेदहाला. आर्मी-नेव्ही सामना डिसेंबरात असतो, दुपारी तीनला. म्हणजे पुण्या-मुंबईत रात्रीचा दीड. तेवढं जागायचं नसेल तर २००८ च्या जॉर्जिया सामन्याचा उत्तरार्ध शोधून बघा. बघताना बॉलच्या मागे लागू नका, कारण टीव्हीचा कॅमेरासुद्धा चुकीच्या माणसामागे जातो. लाइनच्या टोकाला ज्याला कुणीच अडवत नाही त्या बचावपटूवर नजर ठेवा आणि तो कुठे पाऊल टाकतो ते बघा. पाच-सहा चालींनंतर बॉल कुठे जाणार हे तुम्हाला समालोचकाच्या आधी कळू लागेल.